कर्ता कुठे गेला?

मराठी शाळेच्या वेळापत्रकात व्याकरणाच्या वाट्याला शनिवारचा शेवटचाच तास का येतो, हे वेळापत्रक लावणाऱ्यालाच ठाऊक. सकाळची शाळा, दप्तरं आधीच भरलेली, सगळ्यांचे कान घंटेकडे, आणि फळ्यावर ‘प्रयोग व त्याचे प्रकार’. अशा वेळी कर्तरी म्हणजे काय हे साक्षात पाणिनीने येऊन सांगितलं असतं, तरी मागच्या बाकावरून ‘बाई, घंटा झाली का?’ हाच प्रश्न आला असता.

म्हणून मी आठवीच्या वर्गात त्या तासाची चिल्लर करून घेतली. रोज मराठीच्या तासाची पहिली दहा मिनिटं आणि रोज एक वाक्य. एकच. ते फळ्यावर लिहायचं आणि दहा मिनिटांत जेवढं उलगडेल तेवढं उलगडायचं. उरलं तर उरलं, दुसऱ्या दिवशी नवं वाक्य. व्याख्या आधी सांगायची नाही. वाक्याने मागितली तर द्यायची.

यात माझं श्रेय काही नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत व्हर्नाक्युलर फायनलला बसणाऱ्या पोरांना पदपरिस्फोट यावाच लागे. ‘व्याकरण चालवा’ असा हुकूम सुटला की पोरगं उभं राहून एका दमात म्हणे : रामाने, नाम, विशेषनाम, पुल्लिंगी, एकवचनी, तृतीया विभक्ती, ‘खाल्ला’ या क्रियापदाचा कर्ता. त्यातला राम कधी बदलला नाही आणि त्याचा आंबाही कधी संपला नाही. मग वाक्यपृथक्करण आलं. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधेयविस्तार, विधेय असे रकाने पट्टीने आखायचे. अर्धा तास आखण्यात जाई आणि उरलेल्या वेळात राम ठरलेल्या रकान्यात जाऊन बसे. माझ्या सासूबाईंना या वयातही झोपेतून उठवून विचारलं तरी ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’ म्हणता येतं. पण ‘आईला बरं वाटत नाही’ यातलं ‘आईला’ कोणत्या विभक्तीत, असं विचारलं की त्या म्हणतात, ‘अगं, द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच, मग तुला जी आवडेल ती घे.’

विल्यम केरीने मराठीचं व्याकरण छापलं 1805 मध्ये. दादोबा पांडुरंगांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आलं 1836 मध्ये, आणि मोरो केशव दामल्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा भलाथोरला ग्रंथ 1911 मध्ये. दामले उघडून बसलं की एक गोष्ट चटकन कळते : आपण वर्गात ठाम सुरात जे सांगतो, त्यावर जाणत्यांचं एकमत कधीच नव्हतं. दामले आधीच्या मंडळींची मतं मांडतात, त्यांच्याशी वाद घालतात, मग आपलं सांगतात. मुलांपर्यंत मात्र नुसता निकाल पोचतो. वादातली गंमत मोठ्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतली आहे.

ती गंमत वर्गात आणायची तर वाक्य पुस्तकाबाहेरचं हवं. पहिलं घेतलं ते दुकानाच्या पाटीवरचं : ‘आमची कोठेही शाखा नाही.’ पुण्याची ही पाटी पुण्याबाहेरच्या मुलांनाही पाठ असते. क्रियापद कोणतं, असं विचारल्यावर वर्ग गप्प. ‘नाही’ हे क्रियापद असेल असं कोणाच्या मनातही येईना. ते तर नकाराचं अव्यय, असं पहिल्या बाकाचं मत पडलं. मग मी ते चालवायला सांगितलं. मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. अव्यय कधी असं रूप बदलतं का? वर्गाने मान्य केलं, क्रियापदच. आता कर्ता शोधा. शाखा. आणि ही शाखा करते काय? ‘नसते, बाई.’ जिचं एकमेव काम नसणं हे आहे अशी कर्ती मराठीत ठिकठिकाणी सापडते. ‘वेळ नाही’, ‘सुट्टे नाहीत’, ‘साहेब जागेवर नाहीत’. त्या आठवड्यात मुलांनी अशा कर्त्यांची यादीच करून आणली.

मग बागेची पाटी आली : ‘फुले तोडू नये.’ शेजारीच दुसरी पाटी होती, ‘कचरा टाकू नये’. एका मुलीने विचारलं, दोन्हीकडे ‘नये’ कसं? कचरा एक आहे, फुलं तर पुष्कळ. मग ‘फुले तोडू नयेत’ नको का? हवं. कारण इथे ‘नये’ तोडणाऱ्याकडे बघत नाही, फुलांकडे बघतं. कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे क्रियापद चाललं की कर्मणी प्रयोग, ही व्याख्या त्या दिवशी आपणहून फळ्यावर आली. आणि या वाक्यात कर्ता कुठे आहे? लिहिलेलाच नाही. कोणी तोडू नयेत? ज्याने त्याने, लोकांनी, कोणीही. मागच्या बाकावरून शेरा आला, ‘नाव लिहिलं नाही म्हणूनच तोडतात, बाई.’ पुढच्या आठवड्यात बागेतल्या त्या पाटीवर खडूने एक ‘त’ वाढला होता. कोणी वाढवला ते विचारायला मी गेले नाही. वाढला.

वर्षभर पुरेल असा खरा माल सापडला तो पाण्याच्या नोटिशीत. अशी नोटीस प्रत्येक गावात निघते आणि मजकूरही सगळीकडे तोच असतो. ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ मी ती सावकाश, तुकड्या-तुकड्याने घेतली. पहिल्या दिवशी फक्त ‘की’पर्यंत. क्रियापद ‘येते’. मग येतं कोण? एकाने बोट वर केलं, ‘पाणी.’ त्याला समजावलं, की बाबा रे, पाणी येत नाही म्हणून तर नोटीस आहे. मग कोण येतं? ‘कळविण्यात’ हे कळविणे या क्रियावाचक नामाचं सप्तमीचं रूप. कळविण्यामध्ये काहीतरी येतं. काय, तर ‘की’नंतरचं अख्खं वाक्य. मिश्रवाक्य आलं, गौणवाक्य आलं, सगळं आलं. कळवणारा तेवढा आला नाही.

दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा. बंद कोण राहतो? पाणीपुरवठा. म्हणजे पाणीपुरवठा गुरुवारी सकाळी उठतो आणि आज बंद राहायचं असं स्वतःच ठरवतो. बंद करणारा इथेही नाही. मुलांना आता नाद लागला होता. नोटीस काढणारं ऑफिस इतका वेळ कुठे दडून बसलंय हे शोधायचंच, अशा इरेला ती पेटली. आणि ते सापडलं शेवटच्या वाक्यात. ‘दिलगीर आहोत.’ इथेही कर्ता लिहिलेला नाही. पण ‘आहोत’! आहे नाही, आहेत नाही, आहोत. एवढ्या एका रूपाने कर्त्याला पकडून उभं केलं : आम्ही. दोन वाक्यं लपलेलं ऑफिस माफी मागायच्या वेळी क्रियापदाच्या शेपटीवरून सापडलं. प्रथमपुरुषी अनेकवचन हे आमच्या वर्गाने जन्मात विसरू नये असं शिकून घेतलं आणि त्यासाठी मला एकही व्याख्या सांगावी लागली नाही.

क्रियापदाच्या शेपटीत केवढं काही भरलेलं असतं, हे दिवाळीनंतरच्या एका वाक्याने आणखी दाखवलं. घरातलंच वाक्य : ‘तू लाडू खाल्लास?’ आता ‘लाडू’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच. मग आईला एका लाडवाबद्दल विचारायचं आहे की डब्याबद्दल, हे कळायचं कसं? खाल्लास म्हणजे एक. खाल्लेस म्हणजे अनेक. चकली असती तर खाल्लीस, चकल्या असत्या तर खाल्ल्यास. एवढं झाल्यावर मी तो शेवटचा ‘स’ झाकला. खाल्ला, खाल्ले, खाल्ली, खाल्ल्या : हे सगळं कर्माप्रमाणे. मग ‘स’ कुणाचा? बराच वेळ कुजबुज झाली. मग भिंतीकडच्या रांगेतून आवाज आला, ‘तूचा!’ बरोबर. ‘तो लाडू खाल्लास’ असं कोणी म्हणत नाही. म्हणजे एकच क्रियापद कर्माचंही ऐकतं आणि कर्त्याचंही ऐकतं. व्याकरणकारांनी याला कर्तृ-कर्म संकर असं भारदस्त नाव ठेवलं आहे. नाव मी सर्वांत शेवटी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर लाडू राहिले असते बाजूला आणि मुलांनी नाव पाठ केलं असतं.

त्याच आठवड्यात ‘मी’चा घोळ निघाला. ‘मी लाडू खातो’ आणि ‘मी लाडू खाल्ला’. दोन्हीकडे ‘मी’, रूप तेच. विभक्ती? वर्ग एका सुरात म्हणाला, प्रथमा. मग ‘मी’ काढा आणि ‘तो’ घालून बघा. तो लाडू खातो. पुढचं? ‘त्याने’ लाडू खाल्ला. म्हणजे दुसऱ्या वाक्यातला ‘मी’ तृतीयेत बसला आहे, फक्त तसं दाखवत नाही. पण मग ‘मी छत्री विसरलो’ याचं काय? विसरायला कर्म आहे, छत्री. तरी ‘विसरली’ नाही, ‘विसरलो’. ‘मी चहा प्यालो’, ‘मी गणित शिकलो’ हीसुद्धा याच कुळातली. पुस्तकात यांना अपवाद म्हणून मोकळे होतात. माझं मत विचाराल तर मला हे अपवाद फार आवडतात. मराठी माणूस भूतकाळातलं जवळजवळ सगळं कर्माच्या अंगावर ढकलतो. विसरणं तेवढं तो स्वतःकडे ठेवतो.

वर्गात सोलापूरकडून आलेला एक मुलगा होता. तो एकदा म्हणाला, ‘बाई, मी गृहपाठ केलो.’ वर्ग हसला. हसणाऱ्यांना तिथेच उभं केलं आणि ते वाक्य फळ्यावर लिहिलं. तुमच्या ‘मी गृहपाठ केला’ या वाक्यात क्रियापद कोणाच्या मागे चाललंय? गृहपाठाच्या. वही असती तर ‘पूर्ण केली’ झालं असतं. आणि याच्या वाक्यात? याच्या मागे. मुलगी असती तर बदललं असतं, गृहपाठाच्या जागी कविता आली तरी बदललं नसतं. म्हणजे याचा प्रयोग कर्तरी. शेजारच्या कन्नडमध्ये क्रियापद भूतकाळातही कर्त्याच्याच मागे असतं आणि सीमेलगतच्या मराठीला त्याची सोबत लाभलेली आहे. पेपरात ‘केला’ लिही, गावाकडे आजीशी ‘केलो’च बोल, एवढं त्याला सांगितलं. बाकीच्यांना सांगितलं, की ज्याला हसलात त्याच्यामुळे तुम्हाला आज कर्तरी-कर्मणी एका झटक्यात कळलं.

आणि काही वाक्यांत कर्ता लपलेला नसतो, मुळातच नसतो. ‘उजाडलं.’ एका शब्दाचं संपूर्ण वाक्य. कोण उजाडलं? सूर्य, असं उत्तर हटकून येतं. मग म्हणून बघा, ‘सूर्य उजाडला’. कानालाच खटकतं. दिवस? बोलताना दिवस उजाडतो खरा, पण नुसतं ‘उजाडलं’ म्हणताना तो मनात नसतो. तसा असता तर ‘उजाडला’ झालं असतं. ‘मळमळतं’, ‘गडगडतंय’, ‘सांजावलं’, ही सगळी अकर्तृक भावे प्रयोगाची मंडळी. मुलांना सुरुवातीला हे पटत नाही. कोणीतरी केल्याशिवाय काही होतं कसं? त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण पोटात मळमळताना कर्ता शोधत बसायला कोणाला वेळ असतो?

हे एकाच वाक्याला धरून बसणं आपल्याकडे जुनं आहे. संस्कृत शास्त्रग्रंथांत चैत्र नावाचा एक गृहस्थ शतकानुशतकं तांदूळ शिजवतो आहे. ‘चैत्र तांदूळ शिजवतो’ एवढंच वाक्य. त्यात मुख्य काय, यावर तीन घराण्यांत कायमचं वितुष्ट. वैयाकरण म्हणतात, शिजवण्याची क्रिया मुख्य, बाकी सारे तिचे विशेष. नैयायिक म्हणतात, चैत्र मुख्य, क्रिया त्याची. मीमांसक म्हणतात, दोघंही नाहीत, फळ घडवून आणणारी जी भावना, ती मुख्य. यावर ग्रंथांवर ग्रंथ झाले. भात केव्हाच करपला असणार. अन्नंभट्टाचा सतराव्या शतकातला ‘तर्कसंग्रह’ आजही न्यायशास्त्राचं पहिलं पुस्तक म्हणून शिकवतात. त्यात वाक्याला वाक्यपण यायला तीन गोष्टी लागतात असं सांगितलं आहे : पदांना एकमेकांची आकांक्षा हवी, त्यांच्यात योग्यता हवी आणि ती जवळजवळ उच्चारलेली हवीत. विस्तवाने शिंपडता येत नाही, म्हणून तिथे योग्यता नाही. आणि एकेक पद प्रहराप्रहराने उच्चारलं तर वाक्य होत नाही. हा शेवटचा नियम स्नेहसंमेलनाच्या काही प्रमुख पाहुण्यांना कळवण्यासारखा आहे.

चैत्राचा वाद मी आठवीच्या वर्गापुढे ठेवला. हात वर करून मतं घेतली. चैत्राला मुलांची मतं जास्त, शिजवण्याला मुलींची. भावनेला एकही मत पडलं नाही. बिचारे मीमांसक! एक मुलगी म्हणाली, ‘तांदूळ मुख्य. तोच नसेल तर हे सगळे काय करतील?’ ज्या घरी महिन्याच्या शेवटी डबा खरवडून भात टाकतात, तिथली ती मुलगी होती. तिचं मत कुठल्याही दर्शनात बसत नाही. मी ते फळ्यावर चौथं म्हणून लिहिलं.

याचे परिणाम घरोघरी होणारच होते. एक वडील भेटायला आले. म्हणाले, ‘बाई, तुम्ही हे काय शिकवताय? मी काल घरात म्हटलं, विजेचं बिल भरायचं राहिलं. तर कन्या म्हणते, बाबा, बिल आपलं आपण राहिलं का? कर्ता सांगा.’ मी काय बोलणार? भरायचं राहिलं, उशीर झाला, लक्षात आलं नाही, कप फुटला, दूध उतू गेलं. आपलं निम्मं घर अशा वाक्यांवर चालतं, आणि ते तसंच चालू द्यावं या मताची मी आहे. कर्ता गाळणं म्हणजे दर वेळी चोरीच असते असं नाही. ‘जेवणं झाली का?’ असं आपण विचारतो, कोणी जेवलं ते विचारत नाही. लग्नघरात वधूपिता हात जोडून म्हणतो, ‘काही राहून गेलं असेल तर सांभाळून घ्या.’ तिथे ‘काय आणि कोणाचं राहिलं’ असं विचारणारा मनुष्य वैयाकरण असू शकेल, पण पुढच्या लग्नाला त्याला आमंत्रण येणार नाही. हेही मी वर्गात सांगते. कर्ता कुठे शोधावा आणि कुठे पाहून न पाहिल्यासारखं करावं, हे कळलं नाही तर दहा मिनिटं फुकट गेली.

शिक्षकांच्या खोलीत अर्थातच विचारणा होते, ‘अशाने पोर्शन कधी संपणार?’ प्रश्न रास्त आहे. वृत्तं अशी एका वाक्यात येत नाहीत, समासांनाही वेगळा वेळ द्यावा लागतो. तो मी शनिवारच्या तासाला देते. पण प्रयोग, विभक्ती, वाक्यप्रकार, शब्दांच्या जाती यांची पुन्हा उजळणी करायची वेळ माझ्यावर येत नाही. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत एमपीएससीची तयारी करणारी, विशी ओलांडलेली मुलं मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण रात्री जागून पाठ करतात. कर्मणी कोणता, भावे कोणता, याच्या खुणा वहीत करतात. चांगली, कष्टाळू मुलं. जे आठवीत एका लाडवावर समजलं असतं, ते त्यांना नोकरीच्या धास्तीने शिकावं लागतं, हे काही ठीक नाही.

तेव्हा मराठी शिकवणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर एक विनंती आहे. दहा मिनिटं काढाच. वाक्य लहान घ्या. एसटीतलं घ्या, रेशनच्या दुकानातलं घ्या, लग्नपत्रिकेतलं घ्या, मुलांनीच आणलेलं असेल तर फार उत्तम. उत्तर आधी ठरवून वर्गात जाऊ नका. रोज परिपाठाच्या वेळी फळ्यावर लिहितात तो सुविचार मात्र सुरुवातीला घेऊ नका. ‘नेहमी खरे बोलावे’ या वाक्यात कर्ता लिहिलेला नसतो आणि तो कोण, हे मुलं बाईंनाच विचारतात.